वॉल्टरच्या बिअरची साखर

वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये शनिवारी आणखी एक बाटली फुटली. सोमवारी सकाळी तो लॅबमध्ये आला, डाव्या हातातला सहा तपकिरी बाटल्यांचा खोका माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “सू, डॉरथीने नोटीस दिलीय. पुन्हा फुटली तर माझं बिअरचं सगळं सामान कचऱ्याच्या गाडीत.”

वॉल्टर माझा बॉस, डॉरथी त्याची बायको. ऐंशीचं दशक होतं. ओहायोमध्ये, कोलंबसजवळच्या एका सॉफ्ट ड्रिंकच्या प्लांटमध्ये मी केमिस्ट होते. नागपूरची एम.एस्सी. घेऊन आलेल्या या सुमनला वॉल्टरनेच नोकरी दिली आणि पहिल्या दिवशीच तिची ‘सू’ करून टाकली. घरी बिअर करायला कायद्याने मोकळीक मिळून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि प्लांटमधल्या निम्म्या पुरुषांना तो नाद लागला होता. वॉल्टर त्यातला सगळ्यात हट्टी. त्याचे वडील तर परवानगी नव्हती तेव्हाही करायचे!

“जूनमध्ये एमीचं लग्न आहे,” तो म्हणाला. एमी म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. “माझ्या लग्नात माझ्या वडिलांची बिअर होती. एमीच्या लग्नात नवरानवरीच्या नावाने पेले उंचावतात ना, त्या टोस्टला माझी हवी. पण एक बाटली उघडली की छतापर्यंत फेस, दुसरी उघडली की मचूळ पाणी. लोकांच्या हातात काय देऊ?”

मी चिडवणार होते, पण त्याचा चेहरा बघून खोका जवळ ओढला.

खरं तर मी बिअर कधी तोंडाला लावलेली नव्हती. पण बाटलीतला गॅस मोजणं हे माझं रोजचं काम. झाकणात सुई टोचायची, बाटली हलवायची, सुईला जोडलेल्या गेजवर प्रेशर बघायचं, टेंपरेचर घ्यायचं आणि तक्त्यावरून आत किती गॅस आहे ते काढायचं. सोडा काय नि बिअर काय, सुईला कुठे सोवळं असतं?

सहाही बाटल्या टोचल्या. एकीत काटा जेमतेम हलला, एकीत पार टोकाला गेला. उरलेल्या चारही चार दिशांना.

आता हा गॅस येतो कुठून? प्लांटमध्ये आम्ही तो सिलिंडरमधून भरतो. घरच्या बिअरमध्ये तो यीस्ट तयार करतं. बिअर तयार झाली तरी थोडं यीस्ट त्यात जिवंत असतं. बाटलीत भरताना त्याला चिमूटभर साखर द्यायची आणि झाकण घट्ट बसवायचं. यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं, गॅस आतच कोंडला जातो. साखर कमी पडली तर बिअर मचूळ लागते, जास्त झाली तर बाटली फुटते.

माझा पहिला संशय झाकणांवर होता. पण झाकण गळकं असेल तर गॅस कमी होईल, जास्त कसा होईल? मग वाटलं, बाटल्या नीट धुतल्या नसतील, आत भलतेच जंतू शिरले असतील. तसं असेल तर चव आंबते. म्हणजे कुणीतरी चाखायला हवी होती. संध्याकाळी घरी गेल्यावर मी यांना विचारलं, “अहो, उद्या लॅबमध्ये बिअर चाखायला याल का?”

“लग्न झाल्यापासून या वाक्याची वाट बघतोय मी,” हे म्हणाले.

यांनी मिटक्या मारत निकाल दिला. चव उत्तम, आंबटपणा अजिबात नाही. म्हणजे उरली फक्त साखर. मी वॉल्टरला म्हटलं, “पुढची बिअर भरशील तेव्हा मला बोलव. बघितल्याशिवाय काही सांगता यायचं नाही.”

शनिवारी मी आणि हे त्याच्या घरी गेलो. डॉरथीने ओट्यावर धुतलेल्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. वॉल्टरने कपाटातून एक जुना, दांडा झिजलेला छोटा चमचा काढला. “वडिलांचा. प्रत्येक बाटलीला एक, सपाट.” त्याने चमचा साखरेत बुडवला आणि पहिल्या बाटलीवरच्या फनेलकडे नेला.

त्याचा हात थरथरत होता. साधासुधा नाही, चांगलाच. निम्मी साखर ओट्यावर सांडली. त्याला वाटलं कमी पडली, म्हणून त्याने आणखी एक चमचा घातला, तो नेमका सगळा आत गेला. पुढच्या बाटलीत चार दाणे पडले असतील. डॉरथी हातात फडकं घेऊन मागेच उभी होती. तो पुढच्या बाटलीकडे वळला की ती सांडलेली साखर अलगद पुसून घेत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. बोलू नकोस.

लॅबमध्ये तो उजवा हात सतत कोटाच्या खिशात का घालायचा, ते मला त्या ओट्यापाशी कळलं. वर्षभरापूर्वी टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब मोजून घालायचं काम, त्याने माझ्याकडे दिलं होतं. “तू माझ्यापेक्षा छान करतेस,” म्हणाला होता. मी त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता!

यांनी तोंड उघडलं. “वॉल्टर, तुझा हा...” मी यांच्या पायावर पाय दिला आणि आवाज चढवला. “वॉल्टर! आपल्या प्लांटमध्ये कुणी बाटलीबाटलीत चमच्याने साखर घालतं का? मी घातली असती तर तू मला हाकलून दिलं असतंस! आमच्याकडे गणपतीला शंभर माणसांचं सरबत करतात. ग्लासाग्लासात साखर घालत बसलं तर आरती व्हायची कधी? तसंच इथेही सगळ्या बाटल्यांचा पाक एकदाच करायचा, रिकाम्या टबात ओतायचा, वरून बिअर सोडायची आणि मग भरायचं. सगळ्या बाटल्यांना सारखी साखर.”

वॉल्टरने चमचा ओट्यावर ठेवला. “ते मलाही कळतं, सू. पण वडील याच चमच्याने घालायचे.”

“मग चमचा टाकून द्यायला कोण सांगतंय? पाक ढवळायला तोच घे.”

डॉरथीने वजनकाट्यावर साखर मोजली. वॉल्टरने पातेल्यात पाणी उकळलं, साखर घातली आणि ढवळायला लागला. आणि बाई, काय सांगू! ढवळताना हात हलायचाच असतो. तो थरथरतोय हे दिसतच नव्हतं. पाक निवल्यावर टबात ओतला, नळीने त्यावर हळूहळू बिअर सोडली. तेही त्यानेच सावकाश ढवळलं, कारण जोरात ढवळलं तर हवा मिसळते आणि बिअर बिघडते. मोठ्या डावाने, गुणगुणत ढवळत होता. डॉरथीने फडकं खुंटीला अडकवलं.

नंतरचे दोन आठवडे माझा जीव टांगणीला. आधी एखादी बाटली फुटायची, आता आमचा हिशेब चुकला असता तर सगळ्याच फुटल्या असत्या. तेही लग्नाच्या तोंडावर. शेवटी वॉल्टरने भरताना सुरुवातीची, मधली आणि अखेरची अशा खुणा केलेल्या बाटल्या लॅबमध्ये आणल्या. मी सुई टोचली. पहिलीत काटा हवा तिथे थांबला. मधलीत तिथेच. अखेरचीतही तिथेच. वॉल्टरने दोन्ही हातांनी माझा हात धरला. उजवाही. मी तो घट्ट धरून ठेवला.

लग्नात टोस्टच्या वेळी एकदम सगळीकडून झाकणं उडाली, आणि सगळ्या बाटल्यांना सारखा, बोटभर फेस. एमीने बापाच्या हाताखाली आपला हात धरला आणि दोघांनी मिळून एकच बाटली उचलली. मीही एक घोट घेतला. शी! कडू जहर. पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे नव्हे.

नंतर वॉल्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सू, त्या दिवशी तू हाताबद्दल काही बोलली नाहीस.”

“तू मला गॅसबद्दल विचारलं होतंस,” मी म्हटलं.

तर घरी बिअर करत असाल तर साखर बाटलीबाटलीत घालू नका. सगळ्यांचा पाक एकदाच करा. आणि तो ढवळायला अशा माणसाला द्या, ज्याला हात खिशात लपवून उभं राहण्याचा कंटाळा आलाय.