साडूंची मॅगझिनची वही

प्लास्टिकच्या वस्तूलाही स्वभाव असतो असं मानणारा, आणि त्या स्वभावाची रीतसर चौकशी केल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबाने तो माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून प्लास्टिकची बादली दिली होती. मांडवात हशा झाला, माझ्या वडिलांनी तर दोन दिवस तोंड फिरवलं. ती बादली आज सिंगापुरात सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ठणठणीत उभी आहे. त्याच लग्नात आलेल्या चांदीच्या वाट्या कुठे गेल्या, हे बायकोला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

साडू राहतात बिशानला. गेली वीस-बावीस वर्षं सकाळी गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवर जातात आणि तिथल्या कारखान्यात प्लास्टिकचे दाणे बनवतात. दिवसभर दाणे बनवून माणसाचं पोट भरायला हवं, पण यांचं भरत नाही. दुकानात डबा घ्यायचा तर आधी त्याचा वास, मग नखाने टकटक, मग झाकण लावून डोळे मिटून आवाज. त्यांचा मुलगा मिहीर पहिलीत गेला तेव्हा त्याच्यासाठी शाळेचा डबा घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तीसेक डब्यांची झाकणं लावून झाल्यावर दुकानदारीण आमच्याकडे बघायचंही सोडून हिशेबाला लागली. शेवटी एका निळ्या डब्याचं झाकण 'टक्' असं बसलं. साडूंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हा खरं बोलतो." एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, शेजारच्या टेबलावरची चिनी आजीबाई उठली तेवढ्यात त्यांनी तिचं स्टूल उलटं करून पाहिलं आणि तिला गंभीरपणे सांगितलं, "आंटी, धिस लेग, टू मंथ्स." मी चहा तसाच टाकून दुसरीकडे बघत बसलो. दोन-अडीच महिन्यांनी ती आजीबाई मला तिथेच भेटली आणि म्हणाली, तुझा तो डॉक्टर मित्र कुठे असतो, स्टूल गेलं.

अशा माणसाच्या घरी मिहीरच्या नावाने नॅशनल सर्व्हिसचं, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेचं पत्र आलं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना घेतलेल्या आई-बापाच्या मुलाला हे पत्र येणार हे त्याच्या जन्मापासून ठाऊक असतं, तरी ते येतं तेव्हा घरातला पंखासुद्धा हळू फिरतोय असं वाटतं. वाटा दोन. मुलाला दोन वर्षं गणवेशात पाठवायचं, नाहीतर पीआर सोडून पुण्याला परत जायचं. परत गेलं तर मुलाला पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येणं अवघड. ताई, म्हणजे साडूंची बायको, म्हणाली, "परत जाऊ. अंथरुणाची घडी घालता येत नाही त्याला, रायफल काय धरणार?" मिहीर इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाला, "आई, घडी तिथे शिकवतात. माझा सगळा वर्ग जातोय, लाह." मग दोघांनी साडूंकडे पाहिलं. साडू बराच वेळ पत्राचं प्लास्टिकचं पाकीट बोटांत चुरगाळत होते. म्हणाले, "मला आधी मॅगझिन बघू दे."

मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून लावायची गोळ्यांची पेटी. हे मला त्या दिवशी कळलं. मी जहाजांच्या कागदपत्रांवर सह्या करणारा माणूस, बंदूक मी फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर पाहिलेली, आणि तीही झोपलेली. ती पेटी हल्ली प्लास्टिकची असते, आणि साडूंच्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथे येऊन थांबत होता. ताई माझ्या बायकोला फोनवर म्हणाली, "पोराच्या आयुष्याचं विचारलं तर हे डबा बघायला निघाले." मी साडूंना गाडीत एकटं गाठून विचारलं. ते समोरच्या सिग्नलकडे बघत म्हणाले, "रायफल लोखंडाची. लोखंडातलं मला कळत नाही. सैन्यातलं तर काहीच नाही. त्या सगळ्यात ही एवढीच वस्तू माझ्या विषयातली. ती तरी बघून ठेवतो."

आता सिंगापुरात रायफल सोडा, तिची रिकामी पेटीसुद्धा घरात ठेवायची सोय नाही. म्हणून साडूंनी वही केली. तीन रकाने: भरवसा, हात म्हणजे हाताळायला कसं, आणि मोल. दोन महिने त्यांनी कुठले कुठले व्हिडिओ बघून ते रकाने भरले. वरून गाडी नेलेली मॅगझिनं, वाळूत पुरलेली मॅगझिनं, फ्रिजमध्ये गारठवलेली मॅगझिनं. पण दुसऱ्याच्या हातावर यांचा विश्वास नाही. तेवढ्यात टेक्सासला असलेल्या त्यांच्या पुतण्याच्या बायकोचं डोहाळजेवण निघालं. ताईने ओटीचं सामान बांधून दिलं. साडूंनी ते पोचवलं आणि पुतण्याला घेऊन थेट नेमबाजीच्या रेंजवर गेले. तिथे प्लास्टिकची तीन आणि पत्र्याचं एक अशी चार मॅगझिनं टेबलावर मांडून त्यांनी दुपारभर गोळ्या भरल्या आणि उपसल्या. एकही झाडली नाही. रेंजवाल्याने विचारलं, तुम्ही नेम कधी धरणार? साडू म्हणाले, "नो नो. आय केम फॉर द बॉक्स." पुतण्याने नंतर मला लिहिलं की काका गेल्यापासून तिथले लोक त्याच्याकडे जरा आदराने आणि जरा लांबून बघतात.

परत आले ते उजव्या अंगठ्याला पट्टी बांधून. रविवारी बिशानला जेवायला बोलावलं, कारण निकाल जाहीर होणार होता. आमटी वाढली गेली आणि साडूंनी ताटाशेजारी वही उघडली. पत्र्याचं मॅगझिन पडलं की त्याला पोचा येतो, पण तो दिसत नाही, आणि ऐन वेळी गोळी अडते. प्लास्टिकचं, म्हणजे नायलॉनचं, पडलं तर आहे तसं राहतं, नाहीतर सरळ तडकतं, फसवत नाही. एक गुळगुळीत होतं, घामेजल्या हातातून निसटणारं. एकाला आतल्या गोळ्या दिसायला खिडकी होती, पण झाकण रडतराऊत. स्वस्तातलं होतं त्याचे ओठ, म्हणजे वरची गोळी धरून ठेवणाऱ्या दोन कडा, भरून ठेवलं की हळूहळू फाकणारे. मी मान डोलावत भात कालवत होतो. ताईने पळी भांड्यात टाकली.

"मी नायलॉनचं विचारलेलं नाही," ती म्हणाली. "पोरगा जाणार की नाही ते सांगा."

साडूंनी वही मिटली नाही. म्हणाले, "साच्यातून नुकतं काढलेलं नायलॉन ठिसूळ असतं. आम्ही ते पाण्यात ठेवतो. ओलावा पोटात गेला की ते चिवट होतं. पुतण्याकडे हवा कोरडी. इथे आपण या दमट हवेला उठता-बसता नावं ठेवतो, पण नायलॉनला ती मानवते."

"पुन्हा नायलॉनच."

"नाही," साडू म्हणाले. "तू आणि मी कोरड्या हवेतून आलो. हा इथेच मुरलाय. पडेल, पण तडकणार नाही. जाऊ दे त्याला."

मिहीरने आपल्या हाताने आमटी वाढून घेतली, आणि ताईने त्याच्या भातावर न विचारता तूप ओतलं, तेही नेहमीपेक्षा जास्त. एवढ्यावरून मला निकाल कळला.

भरतीच्या दिवशी घरच्यांना बोटीतून बेटावरच्या कॅम्पात नेतात, जेवू घालतात, मुलं कुठे झोपणार ते दाखवतात. मीही गेलो. एका टेबलावर हेल्मेट, पाठपिशवी, रायफल असं मांडलेलं होतं. बाकीचे आई-बाप रायफलीबरोबर फोटो काढता येईल का विचारत होते. साडू मॅगझिनपुढे उभे राहिले आणि परवानगी घेऊन त्यांनी ते उजेडाकडे धरलं, नखाने वाजवलं, वास घेतला. टेबलामागे वीस-एकवीस वर्षांचा सार्जंट होता. साडूंनी त्याला विचारलं, हे किती वर्षांचं, किती वेळा पडलंय, उन्हात किती असतं. मिहीर तीन पावलं लांब जाऊन समुद्राचा अभ्यास करू लागला. सार्जंटने सहा-सात प्रश्न सोसले आणि म्हणाला, "अंकल, वर्क्स, लाह." साडूंनी खिशातून वही काढून भरवशाच्या रकान्यात ते तसंच्या तसं उतरवलं.

निरोपाची वेळ झाली. कोणी मुलाला मिठी मारत होतं, एक चिनी बाप तर उघड रडत होता. साडूंनी मिहीरच्या नुकत्याच केलेल्या टकलाकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "ओठांवर पडू देऊ नकोस." मिहीर म्हणाला, "ओके, बाबा." संपलं. बोटीत मला त्यांचा रागच आला होता. पोर पहिल्यांदा घराबाहेर चाललंय, आणि हा माणूस मॅगझिनचे ओठ सांभाळायला सांगतो. ते मात्र पट्टीचा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बेट दिसेनासं होईपर्यंत मागे बघत बसले होते.

पहिले दोन आठवडे मुलांना घरी सोडत नाहीत. ते आठवडे साडूंनी वही उघडली नाही, असं ताई म्हणाली. मिहीर पहिल्यांदा सुट्टीवर आला त्या शनिवारी आम्ही तिथेच होतो. रापलेला, मान काळी पडलेली, चार पोळ्यांवर न थांबणारा. साडूंनी एक प्रश्न विचारला नाही. जेवण झाल्यावर मिहीरनेच शेल्फावरची वही काढली, बापाच्या तीन रकान्यांखाली उभ्याउभ्या इंग्रजीत काहीतरी लिहिलं आणि झोपायला गेला. साडूंनी वाचून ती माझ्यापुढे सरकवली. मराठीत आणलं तर असं होतं. भरवसा: एकदाच अडलं, मी साफ केलं नव्हतं, चूक माझी. हात: अंगठा मेला. पण बसतं तेव्हा आवाज येतो तो आपल्या निळ्या डब्याचा. मोल: हरवलं तर कळेल.

साडूंनी चष्मा काढून पुसला. पुसायचं कापड त्यांनी त्यासाठी बराच वेळ शोधलं.

परवा बुधवारी काहीतरी द्यायला मी बिशानला गेलो. साडू नुकतेच बसमधून उतरून आले होते, गळ्यातला पाससुद्धा तसाच. स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून ते तो जुना निळा डबा हातात घेऊन झाकण लावत होते. टक्. काढत होते, पुन्हा लावत होते. टक्. डबा रिकामा होता.

"अजून चाचणी?" मी विचारलं.

"हं. झिजतंय का बघतो," ते म्हणाले.

ताई चहा गाळत होती. प्रत्येक टक्‌ला तिचा हात जरासा थांबत होता, पण ती त्यांना थांबवत नव्हती. शनिवार यायला अजून तीन दिवस होते.

घरी आल्यावर बायकोचं लक्ष नाही असं बघून मी आमच्या सगळ्या डब्यांची झाकणं एकेक करून लावून पाहिली. मुलगी पुढच्या वर्षी शिकायला मेलबर्नला जायची आहे, तिच्या शाळेचा डबाही त्यात होता. बऱ्याच वेळा लावला. झाकण बसायचं, पण आवाज काही येईना. घेताना मी कान लावला नव्हता.