स्वागतगीताच्या दिवशी स्थळ

आमच्या चाळीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. वाचनालयाच्या व्याख्यानमालेत स्वागतगीत मी म्हणणार असले, की त्या दिवशी मला बघायला कुणीतरी आलेलं आहे. एरवी स्वागतगीत नसायचंच. वक्ते यायचे, तांब्या-भांडं यायचं, अध्यक्ष खाकरायचे आणि व्याख्यान सुरू व्हायचं. मी पेटीशेजारी उभी दिसले, की पहिल्या रांगेतल्या शेजारणी माना वळवून मुलगा कुठे बसलाय ते शोधायच्या.

ही युक्ती माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. गोदीच्या कचेरीत कारकून, गिरगावातल्या त्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य, आणि व्याख्यानांचे व्यसनी. घरी मुलगी दाखवायची तर एवढीशी खोली, समोरच्या गॅलरीत उभी असलेली अर्धी चाळ, आणि आईचा कातावलेला चेहरा. त्यापेक्षा सभागृहात पंखे होते. शिवाय मुलगी नापसंत असली तर ‘आम्ही आपले व्याख्यानाला आलो होतो’ असं म्हणून मुलाकडच्यांना सुटता यायचं, आणि जाताना अणुशक्तीबद्दल चार गोष्टी फुकट कळायच्या.

अण्णांचं व्याख्यानांवरचं प्रेम मात्र अस्सल होतं. वक्ता कुणीही असो, पहिली टाळी त्यांची. जातिभेदावर कुणी बोललं की त्यांचे डोळे भरून यायचे. पत्रिका हे थोतांड आहे, असं एका विज्ञानाच्या प्राध्यापकांनी ठासून सांगितलं तेव्हा अण्णांनी खुर्चीतून अर्धवट उठून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझी पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे गेले. सभागृहात पटलेलं त्यांच्या डोक्यात घराच्या वाटेवरच्या ट्रामच्या रुळांपर्यंत टिकायचं. रूळ ओलांडले की सगळं पूर्ववत.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. भिंतीभिंतींवर चुन्यानं लिहिलेल्या घोषणा, आज लालबागला मोर्चा, उद्या परळला हरताळ. बाहेर माणसं लाठ्या खात होती आणि आत आमचे वक्ते टाळ्या. कारण एक गुपित त्या सगळ्यांना सापडलं होतं. व्याख्यान कितीही रटाळ होवो, शेवटी मुंबईवर आणून सोडलं की सभागृह कोसळायचं. आकाशगंगेवर बोलणारे गृहस्थ तासभर ताऱ्यांची अंतरं सांगत होते, तेव्हा निम्मे लोक पेंगत होते. मग ते म्हणाले, की या अफाट विश्वात कशाचीच खात्री देता येत नाही, पण मुंबई महाराष्ट्राची आहे याची देता येते. त्यानंतर त्यांना हार घालायला लोक व्यासपीठावर चढले. संतवाङ्मय, क्षयरोग, भारतीय शिल्पकला, सगळे रस्ते शेवटी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रालाच येऊन मिळायचे.

त्या वर्षी माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं. विषय रसायनशास्त्र. परीक्षा एप्रिलमध्ये. आणि ऐन डिसेंबरात दादरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी खात्यात, स्वतःचा ब्लॉक, माणसं सुधारलेली. त्यांची सुधारणा मुलाच्या आईनं निरोपातच कळवली होती. शिकलेली मुलगी त्यांना चालणार होती, शिकत असलेली नको होती. लग्न माघात उरकायचं, म्हणजे परीक्षेआधी. त्यानंतर कॉलेज बंद. मी अण्णांना दोनदा विचारलं की निदान एप्रिलपर्यंत थांबता येणार नाही का. दोन्ही वेळा ते म्हणाले, ‘अगं, स्थळ काय एप्रिलपर्यंत थांबतं?’ मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी डोळे सुजल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली.

अण्णांनी मुहूर्त म्हणून निवडलेलं व्याख्यान होतं ‘स्त्री : काल, आज आणि उद्या’. वक्ते मोठे विचारवंत. हँडबिलावर त्यांच्या नावाआधी ‘थोर’ होतं आणि नावानंतरही काहीतरी होतं. दादरची माणसं सुधारलेली असल्यामुळे नुसतं गाणं पुरणार नाही, मुलगी चारचौघांत बोलतेही हे दिसायला हवं, असं अण्णांच्या मनानं घेतलं. म्हणून सेक्रेटरींच्या हातापाया पडून त्यांनी त्या दिवसाचं आभारप्रदर्शन मला मिळवून दिलं. भाषण स्वतः रचलं, माझ्याकडून पाठ करून घेतलं. त्यात वक्त्यांची तुलना दीपस्तंभाशी दोन ठिकाणी होती.

मी गायले. दुसऱ्या रांगेत मुलगा बसला होता, शेजारी त्याची आई. मुलगा पंख्याकडे बघत होता. आई माझ्या शेपट्याची लांबी मोजत होती.

मग विचारवंत उठले. ‘काल’ला त्यांनी पाऊण तास दिला, त्यात वेदकाळातल्या सगळ्या विदुषी येऊन गेल्या. ‘आज’मध्ये ते खवळले. मुलींना दागिन्यासारखं नटवून परक्यांपुढे मांडणारा समाज रानटी आहे, असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. भांडं तांब्यावर खणखणलं. अण्णांची टाळी पहिली. आणि दुसरी कुणाची असावी, तर मुलाच्या आईची. बाई टाळ्या वाजवत होत्या आणि नजर माझ्या पायांवर होती, चालताना लंगडते का ते बघायचं राहिलं असावं. ‘उद्या’ची पाळी आली तेव्हा वेळ संपत आला होता. ‘उद्याची स्त्री मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रातच जन्माला येईल,’ असं सांगून ते घामाघूम होऊन बसले. टाळ्या थांबेनात.

मला एकदम संताप आला. दागिना, परके, रानटी, हे सगळं बोलून झालं होतं, सगळ्यांना पटलंही होतं, आणि आता चहाच्या खोलीत वडे खाऊन माझं कॉलेज बंद करायचं होतं.

मी आभाराला उभी राहिले. पहिला दीपस्तंभ म्हटला. दुसऱ्यापाशी आले आणि तो सोडून दिला.

‘या व्याख्यानाचा पहिला परिणाम इथेच झाला आहे,’ मी म्हणाले. ‘आपल्या कार्यकारी मंडळाचे एक सदस्य, म्हणजे माझे वडील, यांनी आत्ताच ठरवलं आहे की आपल्या मुलीचं बी.एस्सी. पुरं होईपर्यंत तिच्या लग्नाचं नाव काढायचं नाही.’

कुणी हललं नाही. अण्णांचं तोंड उघडं होतं. टाळ्या पडल्या नाहीत तर ही नुसती आगाऊ मुलीची बडबड ठरणार, हे मला लख्ख कळलं. मग मी इतकी वर्षं फुकट ऐकलेली विद्या वापरली. ‘कारण उद्या मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र उभा करायला शिकलेल्या मुली लागणार आहेत,’ असं मी दम लागेपर्यंत एका श्वासात म्हणून टाकलं.

सभागृह कोसळलं. सेक्रेटरी उठून उभे राहिले. कुणीतरी मागून ‘झालाच पाहिजे’ असा आवाज दिला. लोक अण्णांकडे बघून टाळ्या वाजवत होते. आयुष्यभर टाळ्या देणारा तो माणूस पहिल्यांदाच त्या घेत होता. त्यांनी उठून दोन्ही हात जोडले, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना.

पण चहाची खोली अजून बाकी होती. तिथे मुलाची आई बशीतून चहा पीत होती. मुलगा वडा खात होता. विचारवंतांनी अण्णांना खिडकीपाशी घेतलं. मी पाण्याचं भांडं घेऊन मागेच उभी होते. अण्णांनी खालच्या आवाजात त्यांना खरी परिस्थिती सांगितली. स्थळ समोरच बसलंय, दादरचं आहे, आता काय करावं. मोठ्या माणसाचा सल्ला हवा होता.

विचारवंत हसले. त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘अहो, व्यासपीठावरचं व्यासपीठावर. स्थळ चांगलं असेल तर सोडू नका. मी माझ्या मुलीचं लग्न मॅट्रिक होताच उरकून टाकलं.’

हा माणूस अण्णांसाठी ब्रह्मवाक्य बोलणारा. आणि ट्रामचे रूळ तर अजून ओलांडायचेच होते. संपलं, असं मला वाटलं.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा असा, जसा दुकानदारानं खोटं माप दिलं हे कळल्यावर नेहमीच्या गिऱ्हाइकाचा होतो. मग त्यांनी हातातली कपबशी खिडकीत ठेवली.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘टाळ्या पडल्यात. आता मागे घेता येत नाही.’

मग ते मुलाच्या आईसमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले की एप्रिलनंतर आपली इच्छा असेल तर पुन्हा भेटू. बाईंनी बशी खाली ठेवली आणि मुलाला उठवलं. मुलगा उरलेला वडा हातात घेऊनच गेला.

घरी जाताना अण्णा माझ्यापुढे चालत होते. रूळ ओलांडले तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. पलीकडच्या फुटपाथवर पोचल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘शेवटी घाई केलीस. मुंबईसह म्हटल्यावर जरा थांबायचं असतं. लोकांना टाळीला जागा द्यावी.’

दारात आई वाट बघत होती. पसंती झाली तर स्थळ घरी येईल म्हणून तिनं शिरा केला होता. काय झालं, असं तिनं विचारल्यावर अण्णांनी टोपी खुंटीला अडकवली आणि जाहीर केलं, ‘मी ठरवलंय. आधी हिचं बी.एस्सी. होऊ दे.’ त्यातला ‘मी’ त्यांनी इतका जोरात उच्चारला की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मला रडू फुटलं.

आई रागावली की तिची मालवणी बाहेर यायची, आणि कधीकधी रागावलेली नसली तरी यायची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि शिऱ्याचं पातेलं पुढे ओढत त्यांना म्हणाली, ‘इतकी वर्सा व्याख्याना ऐकतास. आज बरा ऐकाक इला.’