मंदावहिनींचं निर्लेखन

अर्चनाचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि मी दारात भाजीवाल्याशी जुडीच्या भावावरून वाद घालत होते. "आत्या, आई गेली," एवढंच ती म्हणाली. अर्चना ही माझ्या भावाची एकुलती एक मुलगी, नागपूरला असते. मंदावहिनी अमरावतीच्या घरात रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत, सकाळी भाडेकरू मुलींनी दार वाजवलं तेव्हा कळलं. मी फोन कानाला धरून उभी राहिले आणि माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न निघाला तो लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी विचारलं, "घराचे कागद कुठं हायेत?" ती म्हणाली, "कपाटात." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. माणूस गेलं की लोक मेलेल्या म्हशीला मणभर दूध सांगतात. मला तसं काही लिहायचं नाही. मला त्या बाईचा आठ वर्षं संशय होता आणि तो कसा होता, हेच सांगायचं आहे.

माझा स्वभावच तसा. अकोल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवलं, कॉपी पकडण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. सिलिंडर आला की मी वजन करून घेते, दुधाचा थेंब नखावर ओघळवून बघते. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणायचा, "शोभे, तू देवाले बी ओळखपत्र मागशीन." दादा अमरावतीला हायस्कुलात मास्तर. हसरा, बोलघेवडा, हाताचा सैल. पन्नाशी उलटल्यावर त्यानं शिक्षकांच्या ज्या पतसंस्थेचे आम्ही दोघंही सभासद होतो, तिचं कर्ज काढून साईनगरात घर बांधलं. चार खोल्या, पुढं ओसरी, मागं टिनाचं स्वयंपाकघर, आणि ओसरीत सागवानी बंगई. बंगई म्हणजे आमच्याकडचा झोपाळा. त्या बंगईवर दादा जेमतेम तीन उन्हाळे बसला आणि एका सकाळी शाळेत जाता जाता छातीत कळ येऊन गेला. अर्चनाचं लग्न झालेलं होतं. मागं राहिल्या वहिनी आणि दहा-अकरा वर्षांचे हप्ते. आईवडील आधीच गेले होते, माहेर म्हणून मला आता तेवढं एक घर होतं. ते जाता कामा नये, असं मी तेराव्याच्या दिवशी मनाशी धरलं आणि तेव्हापासून वहिनींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला लागले.

मंदावहिनी मुलींच्या एका शाळेत ग्रंथालय सांभाळायच्या. शाळांमधून फाटकी, कोणी न वाचणारी पुस्तकं यादी करून नोंदवहीतून कमी करतात. सरकारी भाषेत त्याला निर्लेखन म्हणतात. दादा गेल्यावर सहा महिन्यांनी मी न सांगता अमरावतीला गेले, तर ओसरी रिकामी. छताला नुसत्या कड्या. मी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "बंगई कुठं गेली?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "निर्लेखन केलं, ताई." मला वाटलं थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. शाळेतल्यासारखीच एक लांबट नोंदवही त्यांनी घरासाठी केली होती आणि त्या आंघोळीला गेल्यावर मी ती वाचून काढली. वस्तूचं नाव, शेवटी कधी वापरली, काय केलं, असे रकाने. स्कूटर, शेगडी, काचेचा बत्तीस नगांचा सेट, दिवाण, दादाचे कोट, सगळं त्यात. बंगईपुढे लिहिलं होतं, 'शेवटी वापर – हे गेले त्या सकाळी.' मला तो नुसता हिशेबीपणा वाटला. नवऱ्याला जाऊन जेमतेम सहा महिने झाले आणि बाई त्याच्या खुणा पुसायला निघाल्या! मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग मी दर दोन महिन्यांनी जायला लागले, कधी सांगून नाही. मूर्तिजापूरमार्गे एसटीत बसायचं, बडनेऱ्याला उतरून ऑटो करायचा आणि दार वाजवायचं. दर वेळी घर आणखी मोकळं झालेलं असायचं. टीव्ही गेला, मोठा फ्रिज जाऊन छोटा आला, मग तोही गेला. वहिनी शाळेत पायी जायच्या, येताना उतरत्या बाजारातली भाजी आणायच्या. साड्या चार, त्याही आलटून पालटून. चहा गुळाचा. मला कधी उपाशी ठेवलं नाही हे खरं, पण जेवायला बसलं की मी पोळीच्या तुपाकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, पगार आहे, दादाची फॅमिली पेन्शन आहे, मग हा पैसा जातो कुठं? कोणी बुवा-महाराज गाठला आहे का? अचलपूरच्या आपल्या भावाला तर पुरवत नाहीत? एकदा समोरच्या देशमुखकाकूंनी मला फाटकातच थांबवून सांगितलं, "तुमच्या वहिनी घर मोकळं करून राहिल्या म्हने." मोकळं! आमच्याकडं घर मोकळं करतात ते विकण्याआधी.

मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकून नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेची नक्कल काढली. घर वहिनींच्या नावावर आणि खाली पतसंस्थेचा बोजा. घरावरच्या कर्जाची नोंद म्हणजे बोजा, तो असेपर्यंत घर विकता येत नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण पतसंस्थेच्या खिडकीवर चौकशी केली तेव्हा समजलं की या बाई हप्त्याशिवाय वरून मुद्दलात पैसे भरतात, कधी चार हजार, कधी अकरा हजार. रिकाम्या केलेल्या तीन खोल्या नर्सिंगच्या मुलींना भाड्यानं दिल्या होत्या, ते भाडंही तिकडंच. आता मला सगळं उलगडलं. दहा वर्षांत फिटणारं कर्ज कोणी चार वर्षांत कशाला फेडेल? बोजा उतरला की घर विकायला मोकळं, म्हणून! शहाणा माणूस या गोष्टीचं कौतुक करेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दादाच्या तिसऱ्या वर्षश्राद्धाला सगळे जमले असताना मी भर पंगतीत विचारलं, "कोणासाठी जमवून राहिल्या वहिनी एवढं? पोट मारून मारून?" वाढता वाढता वहिनी थांबल्या. "बोजा उतरवून राहिली, ताई." मी म्हटलं, "घाई कायची हाय? कोणी मागं लागलं काय?" त्या पुढच्या ताटाकडं वळल्या. पण सगळे पांगल्यावर, भांडी आवरताना, माझ्याकडं न बघता त्यांनी एक प्रश्न विचारला. "ताई, तुमची रिटायरमेंट कोन्त्या महिन्यात हाय? घरची जन्मतारीख ठाऊक हाय मले, शाळेतली नाही." आमच्या पिढीत घरची तारीख एक आणि शाळेत गुरुजींनी टाकलेली दुसरी, हे सगळ्यांना माहीत. मी सावध झाले. अच्छा, म्हणजे बाईंचा डोळा माझ्या ग्रॅच्युइटीवर! निवृत्तीचे पैसे आले की मागायला येणार. मी तिथल्या तिथं थाप मारली, "येत्या मे मध्ये. अन् पैसा आधीच पोराच्या पुन्याच्या फ्लॅटात अडकला हाय." खरं म्हणजे माझी निवृत्ती त्याच्या पुढच्या वर्षी होती. वहिनी हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाल्या, "येत्या मे मध्ये... मंग तं लय कमी दिवस हायेत." मला माझ्या हुशारीचं फार समाधान वाटलं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी गेले तर कूलरची खोलीही भाड्यानं दिलेली. तीच एक खोली वहिनींनी स्वतःला ठेवली होती. आता त्या मागच्या टिनाच्या स्वयंपाकघरात राहत होत्या. एक चटई, एक हातपंखा, खिडकीला ओलं पोतं. वऱ्हाडातला मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला टिनाखालचं स्वयंपाकघर म्हणजे काय ते सांगायला नको. त्यांच्या मानेवर, हातांवर घामोळ्यांचा लाल थर होता आणि त्या मला म्हणाल्या, "तुमी मुलींच्या खोलीत बसा ताई, तिकडं कूलर हाय." मी बसले. कूलरसमोर बसून मनात म्हटलं, नाटक आहे सगळं. नणंदेला दाखवायला. मेच्या वीस-बावीस तारखेला त्यांचा फोन आला. आवाज बसलेला होता. "ताई, झालं मोकळं." मी विचारलं, "काय?" म्हणाल्या, "सगळंच." आणि हसल्या. मी पेढे मागितले नाहीत आणि अभिनंदनही केलं नाही. गिऱ्हाईक कधी येतं याची वाट बघत राहिले.

गिऱ्हाईक आलं नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले, शाळेच्या लिपिकानं पतसंस्थेचं ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, मागितला, तो लगेच मिळाला आणि माझी कागदपत्रं कशी चोख असतात याचा मी स्टाफरूममध्ये तोरा मिरवला. वहिनींनी कूलरची खोली परत घेतली, बाकी राहणी तशीच ठेवली. मी येत-जात राहिले, न सांगता, पण आमच्यात मोकळं बोलणं कधी झालं नाही. त्यांनी प्रयत्न केला नाही असं म्हणणार नाही. मी होऊ दिलं नाही.

तेरावं झाल्यावर अर्चनानं कपाट उघडलं. घरात एकच कपाट उरलं होतं आणि त्यात एकच फाईल. मी हात पुढं केला तर ती म्हणाली, "आत्या, आधी बस." कर्जाच्या करारनाम्याची प्रत होती ती. शेवटच्या पानावर 'जामीनदार क्रमांक एक' आणि पुढं माझी सही, शाळेच्या फळ्यावर काढावी तशी गोल, स्वच्छ. मी ती बघत राहिले... आणि मग आठवलं. दादा अकोल्याला आला होता, घाईत. म्हणाला, "साक्षीदाराची सही हाय, शोभे. पगाराचा दाखला जोडा लागते, रीत हाय त्यायची." साक्षीदाराला कशाला पगाराचा दाखला, असं मी कोणालाही विचारलं असतं. दादाला नाही विचारलं. चहा उतू जात होता, मी एका हातानं गॅस बंद केला आणि दुसऱ्या हातानं सहा ठिकाणी सह्या केल्या. जगातल्या ज्या एका माणसावर मी कधी संशय घेतला नाही, त्यानंच मला फसवलं होतं. हप्ते थकले असते तर माझ्या पगारातून कापले गेले असते, आणि कर्ज बाकी असताना मी निवृत्त झाले असते तर माझ्या पैशांवर टाच आली असती.

त्याखाली वहिनींच्या अक्षरातला एक अर्ज होता, दादा गेल्याच्या पुढच्या महिन्यातला. 'जामीनदारास पतसंस्थेने कोणतेही पत्र पाठवू नये, ही नम्र विनंती. त्यांच्या निवृत्तीपूर्वी मी संपूर्ण कर्जफेड करीन.' मी अर्चनावर ओरडलेच, "तुले ठाऊक होतं? मंग कावून नाही सांगितलं मले? मी काय खाऊन टाकलं असतं काय तुमाले?" अर्चना रडत नव्हती, थकलेली होती. म्हणाली, "आईनं शपथ घातली होती. म्हने, तुया आत्याचा बाबावर लय जीव हाय. मानूस तं गेला, तिच्या मनातलं त्याचं नाव तरी राहू दे." मला दादाचा राग आला, वहिनींचा तर त्याहून जास्त आला. माझ्या एका थापेपायी त्या बाईनं तो अख्खा मे टिनाखाली काढला आणि मी समोर कूलरची हवा खात बसले होते, हे मला कळूच द्यायचं नाही? हा कुठला न्याय? आणि स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं, कारण अजूनही माझ्या मनात एक शंका येते. ज्या बाईनं आयुष्यभराच्या वस्तू काढून टाकल्या, तिनं हा एक कागद कपाटात का ठेवला? विसरल्या म्हणावं तर त्या काही विसरणाऱ्या नव्हत्या.

दुपार झाली. अर्चनानं खिचडी टाकली. मी वाढून घ्यायला उठले, तर भांड्यांच्या रॅकवर दोन ताटं, दोन वाट्या, दोन पेले, बस. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, "एकटी बाई, दोन ताटं कायले?" अर्चना म्हणाली, "मी बी विचारलं होतं. मले वाटलं माह्यासाठी असन. तं म्हने, तू फोन करून येतं. तुयी आत्या सांगून येत नाही, अन् आली का उपाशी असते." मी त्या बाईला पकडायला जात होते आणि ती माझं ताट घासून ठेवत होती. दोन्ही ताटं सारखीच होती. माझं कोणतं, ते अर्चनाला माहीत नव्हतं. मी जेवले, पोटभर जेवले, मग दोन्ही ताटं घासायला मोरीपाशी बसले आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.

अर्चनानं घर विकायचं नाही असं ठरवलं आहे. नर्सिंगच्या मुली राहतात, मागचं स्वयंपाकघर आम्ही बंद ठेवलंय, किल्ली माझ्याकडं आहे. मागच्या मंगळवारी पुन्हा जाऊन आले. न सांगताच गेले, सांगायचं तरी कोणाला... कुलूप काढलं, सोबत नेलेली पोळी-भाजी एका ताटात वाढून घेतली आणि दुसरं ताट रॅकवर तसंच पालथं राहू दिलं.