महालिंगची गल्लीफेरी

फोन आला तेव्हा मी नांदेडच्या बसस्थानकावर हदगावच्या गाडीची वाट पाहत होतो. पलीकडून कमलवहिनी बोलत होत्या. रडत नव्हत्या, चिडलेल्या होत्या. "तुमचे दोस्त गेले, भावजी. जिन्यावरच. हातात पाण्याची बादली होती..." आणि मी काही विचारायच्या आत, "त्या पोरीच्या तोंडानं गेले." हदगाव राहिलं, लातूरची गाडी धरली. वाटेत दुःखापेक्षा धास्तीच जास्त वाटत होती, कारण ती पोर कोण हे मला माहीत होतं.

महालिंग बिराजदार चित्रकलेचा मास्तर. आम्ही दोघांनी नांदेडला एका खोलीत राहून ए.टी.डी. म्हणजे चित्रकला शिक्षकाचा कोर्स केला, स्वयंपाक माझ्याकडे आणि त्याला नावं ठेवणं त्याच्याकडे. निवृत्तीनंतर लातूरच्या घरी त्याने गल्लीतली पोरं गोळा केली. पोरं कागद घेऊन बसली की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नदी. "अरे, आपल्या गल्लीत नदी कुठाय? नळाला पाणी न्हाई!" म्हणत एक दिवस त्याने कागद काढून घेतले आणि पोरांना बाहेर काढलं. तेव्हापासून गल्ली हेच चित्र, आणि ते दाखवणार पोरंच. महिन्यातल्या एका रविवारी पोरं पुढे, आम्ही मोठी माणसं मागे; मीही नांदेडहून यायचो. नियम दोनच होते. पोरांनी स्वतः पाहिलेलं सांगायचं आणि मोठ्यांनी मधे बोलायचं नाही. मला आधी हा रिकामटेकड्याचा उद्योग वाटला. पण कोणत्या ओट्यावर ऊन आधी येतं, कोणती आजी कुणाला शिव्या देते आणि कुणाला खारी देते, हे ऐकत फिरायला मजा यायची. त्या एका रविवारपर्यंत.

सहावीतली मुस्कान पुढे होती. ती थेट सरांच्याच दारात थांबली. "हे सरांचं घर. सरांच्या नळाला मोटर हाय. नळ आला की ह्यांच्या टाकीत पाणी चढतं, आमच्या हंड्यात येत न्हाई." लातुरात नळ कितीतरी दिवसांनी येतो. मोटरचं असं उघड बोललं की शेजारी जन्मभराचे वैरी होतात. मुस्कानच्या अब्बांनी कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी "ए पोरी!" म्हणालं, तसा महालिंगने हात वर केला. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हा हसण्यावारी नेणार. मास्तर लोकांना ते जमतं. पण तो एवढंच म्हणाला, "चल बाळा, पुढं चल."

दुसऱ्या दिवशी त्याने मोटर काढली, आणि नळ आला की वरच्या मजल्यावर बादल्या चढवायला लागला. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? निम्म्या बादल्या वहिनींच्या वाट्याला यायच्या, त्यांचा मात्र संताप संताप व्हायचा. "तत्त्व ह्यांचं आन् गुडघे माझे," त्या म्हणायच्या.

आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली. मुस्कान कुठे दिसली नाही. वहिनींचं 'पोरीच्या तोंडानं गेले' हे वाक्य तोवर गल्लीभर झालं होतं. मी समजावायला गेलो की शाळकरी पोरीच्या माथी असलं काही मारू नका, तर म्हणाल्या, "तुमी जाताल नांदेडला. पाणी मला भरायचं हाय." दहा-बारा दिवसांत मोटर परत बसली. मला राग आला, पण पाणी मला भरायचं नव्हतं.

गेल्या रविवारी पोरांनी आपली आपण फेरी काढली. नेमका नळही त्याच दिवशी आला. प्रत्येक वळणावर मी मनात म्हणत होतो, पोरी, एवढं एक दार सोड... मुस्कान थांबलीच. आत मोटर घरघरत होती. आवाज ऐकून वहिनी उंबऱ्यात आल्या. मागची माणसं एकमेकांकडे पाहीनात.

"इथं सर राहायचे," मुस्कान म्हणाली. "मी मोटरचं सांगितलं म्हणून त्यांनी ती काढली. पाणी चढवू चढवू सर गेले, माझ्यामुळं गेले, असं काकू म्हणतात. ते खरं हाय का, मला माहीत न्हाई."

नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून मी पुढे सरकलो होतो. पण वहिनीच बोलल्या.

"न्हाई गं... डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, जिना चढू नका म्हणून. मी म्हणलं, पाण्याला माणूस लावू. ऐकतील तर शपथ. लई हट्टी माणूस. तू काय बी केलं न्हाईस." पदराने त्यांनी तोंड पुसलं. मुस्कान जागची हलेना. "आन् हे बघ, मोटर मी काढणार न्हाई. माझ्यानं बादली उचलत न्हाई. सांगायचं तर ते बी सांग."

मुस्कान आमच्याकडे वळली. "काकूंच्यानं बादली उचलत न्हाई, म्हणून मोटर परत आली. आमच्या हंड्यात पाणी येत न्हाई." मग ती म्हणाली, "चला पुढं."

आम्ही तिच्या मागे निघालो. वळणावर पाहतो तर वहिनीही चपला घालून आमच्यात आलेल्या. आत मोटर चालूच होती.