चिखलातली मोजणी

ओहोटी लागली की पाल्मा सेका गावच्या बायका होड्या वल्हवत खारफुटीत शिरायच्या. डासांना पळवायला नारळाच्या सोडणाचा धूर करायचा, आणि मुळांमधल्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून काळ्या शिंपल्या चाचपायच्या. एक्वादोरच्या उत्तर किनाऱ्यावर बायकांचं पोट यावरच चालायचं. दोमितिला किन्योनेस आठव्या वर्षापासून हेच करत आली होती. चिखलात दबा धरून बसणाऱ्या विषारी माशाने तिला चारदा काटा मारला होता. उजवी करंगळी तेव्हापासून नीट वाकत नसे.

तिच्या आईला एका ओहोटीत तीनशे शिंपल्या सहज मिळत. दोमितिला पन्नाशीला आली तेव्हा साठ मिळाल्या तरी बायका दिवस बरा गेला म्हणायच्या, आणि त्यातल्या निम्म्या तर बोटाच्या पेराएवढ्याच असायच्या.

त्या वर्षी डोंगरावरच्या शहरातून मिरेया नावाची संशोधक आली. बायकांच्या मंडळाची प्रमुख नेल्वा हिच्या अंगणात बैठक भरली. गावाच्या तीन खाड्यांपैकी एक वर्षभर बंद ठेवू, मिरेया म्हणाली, आणि दर महिन्याला बंद खाडीतल्या नि एका उघड्या खाडीतल्या शिंपल्या मोजू.

"चिखलाला कुलूप लावणार म्हण की," दोमितिला म्हणाली, तशा बायका हसल्या.

"दोन खाड्या उघड्या आहेत ना, मावशी."

"तीन पुरत नाहीत, त्यातली एक काढून घेतेस. बरं, शिंपल्या वाढतील हे तुला नक्की ठाऊक आहे?"

"नाही. म्हणून तर मोजायचं."

शहरातून आलेला प्रत्येक माणूस आजवर सगळं ठाऊक असल्यासारखा बोलून गेला होता.

मोजणीची वही मिरेयाने दोमितिलाच्याच हाती दिली. नेल्वाला ते रुचलं नाही.

"जिचा विश्वासच नाही तिला मोजायला लावतेस?"

"विश्वास नाही, म्हणून ती उगाच एकही जास्त मोजणार नाही," मिरेया म्हणाली.

दोन्ही खाड्यांत वीस-वीस जागा ठरल्या. मुळाला रंगीत चिंधी बांधायची, दोरीचा चौकोन टाकायचा, आतल्या शिंपल्या काढून मोजायच्या, मापायच्या, परत पुरायच्या. मिरेयाचं लोखंडी माप दोन महिन्यांत गंजून अडकलं. दोमितिलाने लाकडाच्या पट्टीला एक खाच पाडली. खाचेतून शिंपली पार गेली तर ती पिल्लू, चिखलात परत. डोळ्यांनी बघायचीही गरज नव्हती, बोटांना कळायचं. महिनाभरात प्रत्येक बाईच्या कमरेला तशी पट्टी लोंबू लागली.

मिरेयाने टोपल्यांत पिल्लं वाढवायचाही प्रयोग केला. ती सगळी मेली. तिने तेही तारखेसकट लिहून ठेवलं.

"मेलेल्यांचा हिशेब कशाला?" दोमितिलाने विचारलं.

"दुसऱ्या कुणी पुन्हा मारू नयेत म्हणून."

वर्ष संपलं. उघड्या खाडीत चौकोनामागे तीन शिंपल्या निघाल्या, बंद खाडीत चार. वर्षभर कळ काढून पदरात एक शिंपली पडली होती.

पुढच्या आठवड्यात सरकारी अधिकारी यायचे होते. आकडे चांगले दिसले तर खारफुटीची राखण मंडळाकडे येणार होती. मग बाहेरच्या होड्यांना मज्जाव करता आला असता. नेल्वा दुपारीच दोमितिलाच्या घरी आली.

"चारचे आठ कर, दोमी. कोण चिखलात उतरून बघणार आहे?"

"मी बघते ना दर महिन्याला."

"चाळीस घरांचा प्रश्न आहे. तुझ्या एका पेन्सिलीने काय बिघडतं?"

नेल्वा गेल्यावर दोमितिला वही उघडून बसली. केळी तव्यावर करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. चार खोडून आठ लिहिले की काम झालं असतं. नेल्वाचंही खोटं नव्हतं. घरं चाळीसच होती. पण आठ लिहिले तर सगळ्याजणी आठ आहेत असं धरून खाडीत उतरणार, आणि जे चार आहेत तेही पंधरवड्यात उपसून नेणार. तिने वही मिटली.

बैठकीत तिने चार म्हणूनच वाचले. अधिकाऱ्यांनी निर्णय पुढे ढकलला. नेल्वाने तिच्याशी बोलणं टाकलं. घाटावर भेट झाली तरी तोंड फिरवायची.

दोमितिलाला करमेना. ती जुनी पानं पुन्हा पुन्हा चाळू लागली. सरासरी चारची होती, पण चारचा चौकोन एकही नव्हता. खाडीच्या मुखाजवळ आठ, नऊ. वरच्या अंगाला बहुतेक ठिकाणी शून्य. पुढच्या ओहोटीला ती वरच्या टोकापर्यंत चालत गेली. तिथला चिखल पायाखाली कडक लागत होता. झुडपांच्या आड, कुणीतरी कधीकाळी सोडून दिलेल्या कोळंबीच्या तळ्याचा बांध पडून होता. त्याने बाजूचा ओहोळ तोडला होता. भरतीचं पाणी वर चढतच नव्हतं.

तिने मिरेयाला फोन केला. "अर्धी खाडी तहानलेली आहे गं. नुसती बंद ठेवून काय व्हायचं?"

मिरेया आली. दीड महिना पाण्याची उंची नि खारटपणा मोजून तिने अहवाल दिला, आणि त्याच्या जोरावर बांध फोडायची परवानगी मिळाली. फोडायच्या दिवशी सकाळी बांधावर सगळ्यांच्या आधी नेल्वा हजर होती.

"मी अजून तुझ्याशी बोलत नाहीये," ती म्हणाली आणि एक फावडं दोमितिलाकडे सरकवलं.

"बरं," दोमितिला म्हणाली. दोघींनी शेजारी शेजारी खणायला घेतलं. दुपारच्या भरतीला गढूळ पाणी फटीतून आत शिरलं, तेव्हा नेल्वाच्या तोंडून आपोआप निघालं, "बघ, बघ, चढतंय." मग अबोला संपला तो संपलाच.

दोन वर्षांनी वरच्या चौकोनांत सहा-सात शिंपल्या निघू लागल्या. राखण मंडळाकडे आली. आता खाड्या आळीपाळीने विसावा घेतात. आईच्या वेळचे तीनशे परत आले नाहीत. दोमितिलाही कधी तसं सांगत नाही. शंभराच्या आसपास मिळतात, आणि त्या मोठ्या असतात.

गेल्या महिन्यात पलीकडच्या बेटावरच्या बायकांनी तिला बोलावलं. नारळाच्या रसातला मासा खाऊन झाल्यावर एकीने विचारलं, "आम्हीपण बंद ठेवली तर वाढतील ना, मावशी?"

"तुमचा चिखल मी पाहिलेला नाही," दोमितिला म्हणाली. "उद्या ओहोटी कधी लागते तेवढं सांग."