मित्राला दाखवलेलं ब्राझील

पंचाण्णवच्या मे महिन्यात माझा शाळासोबती कोल्हापूरहून आमच्याकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला आला, आठ दिवसांसाठी. तो शाळेत पी.टी.चा शिक्षक होता आणि वर्षभरापासून त्याचा उजवा पाय चालताना लुळा पडत होता. मुंबईच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव त्याला सांगितलंच होतं; घरी त्यानं ते कळू दिलं नव्हतं. तरी बॉस्टनला एकदा दाखवू, म्हणून मीच हट्टानं त्याला बोलावलं.

चौथ्या दिवशी बॉस्टनच्या डॉक्टरांनीही तेच नाव घेतलं. औषध नाही. आधी पाय, मग हात, मग गिळणं, श्वास. दोन वर्षं, फार तर तीन. मराठीत सांगायचं काम माझं होतं. मी 'बरीच वर्षं' म्हणालो.

"खोटं बोलू नगंस मर्दा. टू-थ्री मला कळतंय," तो म्हणाला.

परतताना गाडीत त्यानं एकदम विचारलं, "ब्राझील हितनं किती लांब?"

कोल्हापुरात पेठेपेठेची फुटबॉल टीम असते. हा आमच्या पेठेतल्या तालमीच्या टीमचा लेफ्ट आउट, डाव्या कडेनं खेळणारा. वर्ल्ड कप आला की गल्लीत पिवळे-हिरवे झेंडे लावायला हाच पुढे. एकदा ब्राझीलला जाऊन मॅच बघायची, हे सातवीपासून ठरलेलं.

"विमानानं दहा तास. शिवाय व्हिसा."

"मग ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी त्याला अर्ध्या तासावरच्या फ्रेमिंगहॅमला नेलं. तिथं ब्राझीलहून आलेली माणसं बरीच. दुकानांच्या पाट्या पोर्तुगीजमध्ये, खिडकीत पिवळ्या जर्सी टांगलेल्या. एका बेकरीत आम्ही चीजचे लिंबाएवढे गोल पाव घेतले. तो एकेका गिऱ्हाइकाकडे टक लावून बघत होता, पाहुण्यांच्या घरी पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा. काउंटरवरच्या बाईला त्यानं खुणेनं विचारलं, फुटबॉल? ती खुलली. "यू प्ले?"

"प्लेड," तो म्हणाला.



तिनंच पलीकडचं मैदान दाखवलं. तिथं छपरं शाकारणारी, रंगकाम करणारी माणसं कामाच्याच पँटीत खेळत होती. आम्ही कडेला उभे राहिलो. "बघ, बघ त्याचा पास," म्हणत त्यानं माझा दंड घट्ट धरला होता. तेवढ्यात बॉल आमच्याकडे घरंगळत आला. मी वाकायच्या आत त्यानं माझा दंड सोडला आणि तो डाव्या पायानं मारला. बॉल सरळ मघाशी पास देणाऱ्या खेळाडूच्या पायात गेला. पण उजव्या पायानं भार पेलला नाही. तो कुशीवर पडला.

दोघंतिघं धावत आले. त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. मला म्हणाला, "उठवू नगंस. बसू दे जरा." मीही शेजारी गवतात बसलो. खेळ पुन्हा सुरू झाला. शर्टाच्या बाहीनं तो सारखे डोळे पुसत होता आणि नजर मात्र बॉलवरच होती.

घरी परतल्यावर त्याच्या बायकोला फोन लावायचा होता. "तूच बोल," तो म्हणाला. "औषध दिलंय म्हण. तिला कळलं तर ती हसायची बंद हुईल. माझं येवढं ऐक."

वहिनींनी लगेच विचारलं, "भावजी, काय म्हणाले डॉक्टर?"

तो समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. "औषध दिलंय वहिनी. वेळ लागेल, पण बरं वाटेल."

त्या इतक्या मोठ्यानं रडल्या की पलीकडून शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आल्याचं मला ऐकू आलं. आनंदाचं रडणं होतं ते.

तो दीड वर्षात गेला. मला तेव्हा कोल्हापूरला जाता आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात गेलो. वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या. शेवटी शेवटी त्याला बोलता येत नव्हतं आणि तेव्हाच तिथल्या डॉक्टरांकडून त्यांना सगळं कळलं होतं.

"भावजी, औषध आज ना उद्या लागू पडंल म्हणून मी वर्षभर नोकरी करत राहिले," त्या म्हणाल्या. "दिवसभर ते घरात एकटेच असायचे. तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी रजा टाकून जवळ बसले असते. त्यांना बोलता येत होतं तवर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यानंच सांगायला लावलं होतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ते मी बोललो नाही. चहा पिऊन उठलो, आणि बाहेर येऊन चप्पल घातली.