भांगाच्या चिठ्ठ्या

“नुसतं वाईट लिवलं तर ती तक्रार होते, बाय. बरं असंल तेबी लिवलं, का मग ती नोंद.”

दिनानाथ हे एकदा जागृतीला म्हणाला होता, सातव्या रांगेच्या कडेला उभा राहून, बुटाच्या टोकानं डांबर दाबून बघत. त्या नोंदीनंच सगळा घोळ झाला होता.

जागृती रेवदंड्याची. न्हावा शेव्याच्या बाजूला एका मोठ्या कंपनीच्या कंटेनर यार्डात, माणसांचं खातं सांभाळणाऱ्या विभागात लागून तिला पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्यात कायम व्हायचं की घरी बसायचं, ते ठरणार होतं. या कंपनीत कोणी कामगार नव्हता, सगळे ‘सहकारी’ होते. दर शुक्रवारी सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवायच्या. कशासाठी वाजवायच्या ते आधी फळ्यावर लिहिलेलं असे.

कॅन्टीनच्या दारापाशी एक पिवळी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बोला, आम्ही ऐकतो आहोत.’ मुख्य कचेरीतून पाहणीला लोक यायचे होते, म्हणून यार्डाचे प्रमुख दिपेश सर तिला म्हणाले, “ती पेटी ओपन कर. दोन-चार चांगल्या सूचना काढ, प्रेझेंटेशनला लागतील.”

पेटीची चावी कोणाकडेच नव्हती. कुलूप तोडलं तेव्हा आतून चिठ्ठ्यांचा ढीग घसरला. जुन्या गेटपासांच्या पाठकोऱ्या बाजू, आणि सगळीकडे एकच अक्षर, उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यातल्या गवतासारखं. खाली सही नाही. वर तारीखही नाही. जागृतीनं टेबलावर त्या पसरल्या आणि दुपारभर वाचत बसली.

‘उधाण. सातव्या रांगेत जमीन हलते.’

‘भांग. आज सगळं बरं. माणसं खुशीत.’

‘उधाण. कंटेनर कलल्यासारखा दिसतो.’

‘भांग. काही त्रास नाही.’

कोण असेल हा? तिला ते शोधून काढायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं, जसं परक्या घराच्या खिडकीतला दिवा बघावा. पण यार्डात आता हातानं कोणीच लिहीत नव्हतं, सगळं टॅबवर. अक्षरावरून माणूस ओळखायची सोयच उरली नव्हती.

दिपेश सर मागून आले आणि त्यांनी चार चिठ्ठ्या उचलल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

“भांग? यार्डात? पंचेचाळीस टन उचलणारी मशीनं चालवतात ही माणसं! आणि हे बघ, ‘जमीन हलते’. हलणारच ना!”

जागृती उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करू लागली. तिचा आजा होडीवर होता. अमावास्या-पौर्णिमेला समुद्र फुगतो ते उधाण, अष्टमीच्या सुमारास पाणी अंगचोर होतं तो भांग. हे तिला बाराखडीच्या आधी येत होतं. पण एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: असं लिहितो कोण? गेल्या वर्षी एकानं बैठकीत तीन प्रश्न विचारले, तर त्याची बदली दुसऱ्या राज्यातल्या डेपोत झाली होती. निरोपाला केक कापला होता.

संध्याकाळपर्यंत हुकूम निघाला. सातव्या रांगेवर काम करणारे सात जण सोमवारी साडेअकराला चौकशीला हजर. दोष दिसला तर गेटबाहेर.

यार्डाच्या जागी पूर्वी मिठागरं होती. त्या मिठागरवाल्यांपैकी आता एकच माणूस इथं कामाला उरला होता. दिनानाथ, आत येणाऱ्या कंटेनरची नोंद करणारा टॅली क्लार्क. निवृत्तीला चौदा महिने. जमीन गेली त्याबदली त्याला ही नोकरी मिळाली होती. जागृती दुसऱ्या दिवशी त्याला रांगेतच गाठायला गेली.

“काका, पेटीतलं तुम्ही लिहिलंत?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. “कुलूप तोडलं का? बरं झालं. भरत आली व्हती.” मग बूट जमिनीवर दाबत म्हणाला, “माझ्या बापाच्या मिठागराची उघाडी हितंच व्हती. भरतीचं पाणी आत घ्यायचं दार. वरनं भराव टाकला, डांबर टाकलं. पर पान्याला कोन सांगनार, तुझं दार बंद झालं म्हणून?”

“मग तोंडी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं ना. ह्या साहेबाच्या आधी तीन साहेब झाले. पहिला बोलला, पेटीत टाका. टाकलं. उरलेल्या दोघांना पेटी हाय ह्येच म्हाईत नव्हतं.”

“आणि भांगाच्या दिवशी तरी कशाला लिहायचं? बरंच असतं ना तेव्हा?”

तेव्हा तो ते तक्रारीचं आणि नोंदीचं वाक्य म्हणाला. मग तिनं सरांचा समज सांगितला. तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही.

“किती जनांना बोलावलंय?”

“सात. काळूराम आणि त्याची माणसं.”

“काळूराम उधाणाला बारा ते दोन हितं मशीन घालत न्हाय. म्हणून त्याचा कंटेनरचा आकडा कमी पडतो, शिव्या खातो. त्यालाच धरलं व्हय.” त्यानं बोटांवर तिथी मोजली. “सोमवारी अमावस्या हाय. आनी मला न्हाय बोलावलं?”

“तुम्ही टॅलीवाले. तुमच्यावर कोणाचा संशय नाही.”

“तू काय बोलू नको, बाय. तुझं कायम व्हायचं पत्र यायचंय.”

सोमवारी प्रशिक्षणाच्या खोलीत सात जण भिंतीला टेकून बसले. दिनानाथ न बोलावता आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. बाहेर यार्डात आरडाओरडा चालू होता. सातजणांच्या जागी दुसऱ्या पाळीची माणसं लावली होती.

“सरळ विचारतो,” दिपेश सर म्हणाले. “भांग कोण घेतं?”

प्रश्न कोणालाच कळेना. मग काळूरामचे खांदे हलायला लागले.

“सर, भांग आमी न्हाय घेत. समिंदर घेतो. म्हयन्यातनं दोनदा. मग आठ दिस गप पडून ऱ्हातो.”

खोली हसण्यानं भरून गेली. कोणीतरी म्हणालं, “सर, समिंदराची लघवी तपासा!” जागृतीलाही हसू आवरेना, आणि त्याच वेळी तिला सरांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना दिसल्या. तिचं हसू तिथंच वाळलं.

“बस्स. म्हणजे हे सगळ्यांना माहीत होतं. मग लिहितो कोण? नाव द्या. एक वाजेपर्यंत नाव नाही आलं, तर सातही जण उद्या गेटबाहेर.”

काळूराम जमिनीकडं बघू लागला. सातही जणांनी एकाच वेळी ओठ मिटले. दाराजवळच्या खुर्चीकडं एकाचीही नजर गेली नाही. इतकी कोणाचीच गेली नाही, की जागृतीला वाटलं, आता सरांना कळणार.

“जागृती, तू रेवदंड्याची ना? तुला भांग माहीत होता?”

“हो, सर.”

“मग हेही माहीत असेल. कोण?”

तिच्या जिभेवर चव आली, खारट. खिडकीबाहेर सातव्या रांगेच्या तोंडाशी कंटेनर उचलणारा स्टॅकर वळत होता, नव्या माणसांचा, नव्या आकड्यासाठी. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. ते सात जण इथं होते. तिथं आज ते मशीन अडवणारं कोणीच नव्हतं. हे तिला सुचलं, पण तिच्या आधी ते कोणाला तरी सुचलं होतं.

खुर्ची सरकली. दिनानाथ उठला, सावकाश टेबलापर्यंत आला. खिशातून गेटपासाची घडी काढून त्यानं सरांपुढं ठेवली, आणि ती उघडी राहावी म्हणून वर त्यांचाच पेन ठेवला. उजवीकडे झुकलेलं अक्षर. ‘उधाण. बाराला भरती. सातवी रांग.’ या वेळी खाली पूर्ण नाव होतं आणि कामाचा क्रमांक होता.

सरांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. काहीतरी बोलायला त्यांनी मान वर केली, तोवर दिनानाथनं कोपऱ्यातला, मशीन थांबवायचा लाल झेंडा उचलला होता. तो कोणाशीही न बोलता दारातून बाहेर पडला आणि सातव्या रांगेकडं चालू लागला.